डकटेल्सची नकाशावही: सुट्टीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१७ एप्रिल

काम आजपासून सुरू. 'डकटेल्स' या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पाचही ठिकाणांचे नकाशे ग्राफ पेपरवर काढायचे, मराठीत खुणांची सूची जोडायची आणि वही आमच्या वाचनालयाच्या बालविभागात ठेवायची. सुट्टीत तिथे मुलांसाठी टीव्हीला कन्सोल लावून ठेवतात. मुलं खेळतात, अडली की मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघतात आणि तो करतो तसंच करतात. शोधायचं काही उरतच नाही. नकाशात जागा कळते, पण तिथवर पोचायचं कसं हे ज्याचं त्यालाच बघावं लागतं. म्हणून नकाशा.

जोडीदार माझी भाची सई, आता सहावीत जाणारी. ती खेळणार, मी मोजणार आणि काढणार. हात दुखले की अदलाबदल.

खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९८९ सालचा, निन्टेंडोच्या एनईएस मशीनसाठी केलेला. ज्या कार्टूनवरून केला ते डिस्नेचं. १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि त्याचे १०० भाग झाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरदर्शननं ते रविवारी हिंदीतून दाखवलं, त्यामुळे माझ्या वयाच्या माणसांना स्क्रूज मॅकडक कोण ते सांगावं लागत नाही. सईला सांगावं लागलं. जगातलं सगळ्यात श्रीमंत बदक, आपल्या पैशांच्या कोठारात पोहणारं, आणि तरी एका नाण्यासाठी जगाच्या टोकाला जाणारं.

"मग तो कंजूष आहे की हौशी, मावशी?"

दोन्ही. आणि खेळ बनवणाऱ्यांना हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. नकाशे काढताना ते तपासता येईल.

आमच्याकडची प्रत २०१७ च्या 'डिस्ने आफ्टरनून कलेक्शन'मधली आहे. कॅपकॉमचे असे सहा कार्टून-खेळ त्यात एकत्र मिळतात. खेळ मूळचाच, फक्त एक बटण धरून ठेवलं की सगळं उलटं मागे जातं आणि कुठेही थांबवून ठेवता येतं. मोजमापाच्या कामाला ही सोय फार मोठी.

१८ एप्रिल

कागदाचं गणित आज बसवलं. एनईएसचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. त्याची पार्श्वभूमी ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांची बनते, पण रंगांचा संच मात्र १६ बाय १६ च्या चौकोनाला एकच मिळतो. त्यामुळे भिंती, ठोकळे, वेली हे सगळं १६ च्याच मापात छान बसतं. आमच्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे हे १६ ठिपके. एक पडदा म्हणजे १६ चौकोन आडवे, १५ उभे. त्यातली पैसे, वेळ वगैरे दाखवणारी पट्टी सोडून द्यायची.

हे गणित सईला एकदम आवडलं. खेळ चौकोनांवरच बांधलाय म्हटल्यावर आपला नकाशा अंदाजाचा राहत नाही, मापाचा होतो.

खुणा पत्त्यांवरून घेतल्या: हिरा म्हणजे चौकट, जीव वाढवणारी वस्तू म्हणजे बदाम. पेटीला साधा आयत. आइस्क्रीम आणि केक सई स्वतःच्या हातानं काढणार आहे. आइस्क्रीमनं गेलेली थोडी ताकद परत येते, केकनं सगळी. म्हणून केक जिथे असेल तिथे मोठा काढायचा, असं तिनं ठरवून टाकलंय.

२० एप्रिल

नकाशाला हात लावण्याआधी स्क्रूजच्या काठीकडे बघायला हवं. सगळा खेळ तिच्यावर उभा आहे.

उडी मारायची, हवेत असताना खालच्या दिशेचं बटण आणि काठीचं बटण एकदम दाबायचं. स्क्रूज काठी पायाखाली धरतो आणि तिच्यावर उसळत राहतो. बटणं धरून ठेवली तोवर उसळणं चालू. साध्या उडीपेक्षा ही उडी उंच जाते. शत्रूच्या डोक्यावर आदळली तर शत्रू संपतो आणि स्क्रूज पुन्हा वर येतो. जिथे पाय टेकला तर लागेल अशा काट्यांवरूनही ती सुखरूप नेते. म्हणजे चालणं, मारणं, चढणं आणि वाचणं या चारही गोष्टी एकाच हालचालीत आल्या.

दुसरा उपयोग जमिनीवरचा. दगडाला किंवा ठोकळ्याला टेकून उभं राहायचं आणि काठी गोल्फसारखी फिरवायची. दगड उडतो, पेटी फुटते. आणि समोरचं काही हलणारं नसेलच, तर काठी आदळून स्क्रूज नखशिखांत थरथरतो. फक्त दोन-चार चित्रांचा खेळ आहे, पण हाताला बसलेला झटका खेळणाऱ्यालाही जाणवतो. सईनं मुद्दाम वेगवेगळ्या भिंतींवर काठी मारून बघितली. कशावर मारल्यावर तो थरथरतो याची यादीच केली तिनं. ती यादी वहीच्या शेवटी जाणार.

हे मनात ठसलंय की एकच गोष्ट शिकवायची, ती इतकी गोड करायची की नुसतं उसळत राहावंसं वाटेल, आणि मग पाच जागा अशा बांधायच्या की प्रत्येक जागेत त्याच गोष्टीचा नवा अर्थ निघेल. हलकाफुलका खेळ करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं.

२३ एप्रिल

अॅमेझॉनचा नकाशा सुरू.

सुरुवातीला पाच ठिकाणांचा पडदा येतो: अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. कुठूनही सुरुवात करा. कॅपकॉमनं हे आधी आपल्याच 'मेगामॅन' या खेळात केलं होतं, आणि ते केलेली माणसंही बरीचशी इथे होती. टोकुरो फुजिवारा निर्माता, केजी इनाफुने चित्रांवर. पण इथे ही मोकळीक जास्त शोभते, कारण हातात पैसे असलेला म्हातारा आज कुठे जायचं हे स्वतःच ठरवणार ना.

जंगलात वेली, चावरी झाडं, उड्या मारणारे गोरिला, घोंघावणाऱ्या मधमाश्या. नकाशा आडवा पसरत चाललाय आणि वर-खाली फाटे फुटताहेत. सरळ धावत गेलं तर ठिकाण लवकर संपतं, पण पैसे मिळत नाहीत. पैसे आहेत ते फाट्यांमध्ये. त्याहून लबाड गोष्ट म्हणजे अनेक हिरे दिसतच नाहीत. रिकाम्या हवेतल्या ठरावीक जागेतून स्क्रूज गेला की हिरा प्रकटतो. म्हणून प्रत्येक रिकामा कोपरा उडी मारून बघावा लागतो.

स्क्रूजचा स्वभाव इथेच दिसतो. कुणी तो शब्दांत सांगत नाही. खेळणाऱ्यालाच लोभी आणि चौकस व्हावं लागतं. वर घड्याळ चालू असतं, त्यामुळे लोभालाही हिशेब ठेवावा लागतो.

२४ एप्रिल

अॅमेझॉन पूर्ण. पाच कागद आडवे चिकटवून झाले. शेवटचा पुतळा हरवल्यावर इंका राजाचा राजदंड मिळतो.

सई भूगोलाचा नकाशासंग्रह घेऊन बसली होती. इंकांची राजधानी कुस्को अँडीज पर्वतात, जंगल पूर्वेला खाली. मग राजदंड जंगलात कसा? तिचा प्रश्न रास्त आहे. ठरलं की प्रत्येक ठिकाणाच्या पानावर खऱ्या जगाचा एक छोटा चौकोन टाकायचा आणि खेळातली जागा खरी कुठे पडते ते दाखवायचं. या परंपरेला ते साजेसंही आहे. स्क्रूज हे पात्र कार्ल बार्क्स या चित्रकारानं १९४७ मध्ये कॉमिक्ससाठी निर्माण केलं आणि दूरदेशीच्या कथा काढताना तो 'नॅशनल जिऑग्राफिक'चे अंक उघडून बसायचा. त्याच्या कथांमधल्या घाटमाथ्यांना आणि मंदिरांना जो खरेपणा आहे, तो तिथून आला.

२८ एप्रिल

आफ्रिकेतल्या खाणींकडे गेलो. किल्ली हवी, आणि किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात. पाचांपैकी कुठूनही सुरुवात करा म्हणणाऱ्या खेळात ही एकच गाठ मारून ठेवलीय. वहीत दोन्ही पानांच्या मध्ये लाल दोरा चिकटवायचा, ही सईची कल्पना. छान दिसतोय.

३० एप्रिल ते ३ मे

ट्रान्सिल्व्हेनिया. नकाशा काढायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाचं ठिकाण.

रोमानियातला भुताटकीचा वाडा. चिलखतं, ममी झालेली बदकं, आणि आरसे. आरशात शिरलं की दुसऱ्याच खोलीत निघतो. शिवाय काही भिंती नुसत्या दिसायला भिंती आहेत, आरपार जाता येतं. म्हणजे कागदावर शेजारी असलेल्या दोन खोल्या खेळात शेजारी नाहीत, आणि लांबच्या दोन खोल्या एका पावलावर आहेत. पहिल्या दिवशी खोल्या सुट्या कागदांवर काढल्या, जमिनीवर पसरल्या आणि सरकवत बसलो. शेवटी आरशांना अ, आ, इ, ई अशी अक्षरं दिली. 'अ' मध्ये शिरलात तर दुसऱ्या 'अ' ला निघाल. खोट्या भिंतींना तुटक रेघ.

"मावशी, ही तुटक रेघ दाखवायची का? मग शोधायला काय राहिलं?"

बराच वेळ यावर बोललो. तोडगा असा निघाला की खोट्या भिंती नकाशावर साध्याच दाखवायच्या, पण त्यांच्या मागच्या खोल्या काढून ठेवायच्या. खोली आहे, दार दिसत नाही, म्हणजे काहीतरी आहे हे ज्याला कळायचं त्याला कळेल. प्रकल्पाचा हेतूच हा होता. सईनं तो माझ्यापेक्षा नीट धरलाय.

शेवटी इथली चेटकीण मॅजिका डी स्पेल हरली. हरवलेल्या राज्याचं नाणं मिळालं, खाणीची किल्ली तर आधीच मिळाली होती.

५ मे

खाणी. लवकर झालं. बोगदे सरळसोट, नकाशा वहीच्या दोनच पानांत मावला. शेवटी जमिनीखाली राहणाऱ्या टेराफर्मियन लोकांचा राजा आणि पृथ्वीच्या पोटातला प्रचंड हिरा.

८ मे

हिमालय. इथे बनवणाऱ्यांची हुशारी बघून मी उठून उभी राहिले.

आतापर्यंत खेळणाऱ्याला सवय लागलेली असते की अडलं की उसळा. हिमालयात मऊ बर्फावर उसळायला गेलात की काठी बर्फात रुतते आणि स्क्रूज अडकून बसतो. बटण झटकत सुटावं लागतं, तोवर शत्रू येतो. जी गोष्ट सगळीकडे तारते, तीच इथे पंचाईत करते. नवं बटण नाही, नवा नियम समजावून सांगणारी पाटी नाही. फक्त जमीन बदलली. सईनं नकाशात मऊ बर्फाला निळे ठिपके आणि घट्ट जमिनीला साधी रेघ दिली. रंगवून झाल्यावर पान लांब धरलं तर उसळण्याच्या जागा आपोआप एका वाटेसारख्या दिसल्या. जमीन मांडणाऱ्यानं ती वाट आधी काढली असणार आणि बर्फ मागून भरला असणार, असं मला अगदी वाटतं.

बर्फात गोठलेला बब्बा हा छोटा गुहामानव-बदक सापडला. बर्फ फोडून त्याला सोडवलं. त्याच्या जागेला सईनं नकाशावर सूर्य काढलाय.

इथला खजिना चंगेझखानाचा हरवलेला मुकुट. भूगोलाच्या चौकोनाबरोबर इतिहासाची एक ओळ टाकली: चंगेझखान १२२१ मध्ये सिंधू नदीपर्यंत आला होता, मध्य आशियातल्या ख्वारझम राज्याच्या जलालुद्दीनचा पाठलाग करत. नदी ओलांडून तो स्वतः पुढे आला नाही.

१२ मे

चंद्र. नकाशा बाजूला ठेवून आज फक्त संगीत ऐकलं.

चंद्रावरच्या पार्श्वसंगीताची धून हिरोशिगे टोनोमुरा यांची. एनईएसकडे आवाजाच्या वाटा मोजक्या: चौकोनी लहरीच्या दोन, त्रिकोणी लहरीची एक, खरखरीची एक, आणि ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारी आणखी एक. एवढ्या सामग्रीत एरवी कानाला टोचणारे आवाज येतात. इथे मात्र खाली भरभर फिरणारे स्वर आणि वर लांब, आर्त चाल आहे. अवकाशाचं एकटेपण आणि पुढे जायची ओढ दोन्ही एकदम ऐकू येतं. कलेक्शनमध्ये संगीत वेगळं ऐकायची सोय आहे. सईनं चाल पेटीवर बसवली. भाता तिचा अजून एकसारखा चालत नाही, पण चाल लगेच ओळखू येते. मुळात चालच इतकी पक्की बांधलीय.

हीच धून पुढे कार्टूनकडे परत गेली. २०१७ मध्ये 'डकटेल्स' नव्यानं आलं, आणि त्यात स्क्रूजच्या नात्यातली तीन पोरं ह्युई, ड्युई, लुई यांची आई डेला डक आपल्या मुलांसाठी अंगाई गाते ती याच चालीवर. ती स्वतः चंद्रावर अडकलेली असते. कार्टूनवरून खेळ झाला, आणि खेळातलं गाणं कार्टूनच्या काळजात जाऊन बसलं. सईला तो प्रसंग दाखवला. ती काही बोलली नाही, पुन्हा एकदा लाव म्हणाली.

१४ मे

चंद्राचा नकाशा. पृष्ठभाग आडवा, यानाच्या आत उभ्या-आडव्या खोल्यांचा गुंता. यानात रिमोट मिळतो. तो असला की गिझ्मोडक हा यंत्राचं चिलखत घातलेला बदक-नायक येऊन वाट अडवणारी भिंत उडवतो. शेवटी दीर्घायुष्याचं हिरवं चीज, आणि तिथला अजस्र उंदीर.

एका ठिकाणी शत्रू जमले की चित्रं लुकलुकतात. टीव्ही बिघडला का, असं सईनं विचारलं. बिघाड नाही. एनईएस एका आडव्या ओळीत हलणाऱ्या चित्रांचे आठच तुकडे दाखवू शकतं. जास्त झाले की खेळ त्यांना पाळीपाळीनं दाखवतो. यावर वहीत एक छोटी टीप लिहिली, कारण वाचनालयातली मुलंही हे विचारणारच.

१७ मे

पाचही खजिने हातात. पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियात जावं लागतं, तिथे ड्रॅक्युला डक, आणि तो हरल्यावर स्क्रूजचा प्रतिस्पर्धी ग्लोमगोल्ड याच्या आधी दोरावरून वर चढायची शर्यत. सई दोराच्या टोकाला पोचली तेव्हा शेजारच्यांनी भिंत वाजवली, इतकी ओरडली.

खेळाचे शेवट एकापेक्षा जास्त आहेत. लपवलेले दोन खजिने सापडले आणि एक कोटी डॉलर जमले तर स्क्रूज मुकुट घालून बसलेला दिसतो. खिशात एकही डॉलर नसेल तर निराळाच शेवट. लपवलेल्या दोन खजिन्यांच्या जागा वहीत टाकायच्या नाहीत, यावर दोघींचं एकमत.

१९ मे

तुलनेसाठी 'डकटेल्स रीमास्टर्ड' थोडा खेळून बघितला. वेफॉरवर्ड या अमेरिकी स्टुडिओनं केलेला, ऑगस्ट २०१३ मध्ये आला. पात्रं हातानं काढलेली, संगीत जेक कॉफमननं नव्यानं बांधलेलं, आणि स्क्रूजचा आवाज पुन्हा अॅलन यंगचाच. मूळ मालिकेत तोच होता. रीमास्टर्डच्या वेळी त्याचं वय ९३. आवाजात जरा कंप आहे आणि तो स्क्रूजला शोभतो. उसळण्यासाठी एका बटणाची सोपी सोय दिलीय, जुनी दोन बटणांची पद्धतही निवडता येते. लहान मुलांसाठी सोपी पद्धत योग्यच. मला मात्र संवादांसाठी सारखं थांबणं खटकतं. जुन्या खेळात काठी जे सांगते, ते इथे पात्रं बोलून सांगतात.

एक नोंद करून ठेवण्यासारखी. 'रीमास्टर्ड' हा खेळ ऑगस्ट २०१९ मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढून घेतला गेला आणि मार्च २०२० मध्ये परत आला. कार्टूनवरच्या खेळांना दोन मालक असतात, खेळ करणारे आणि पात्रांचे. दोघांमधला करार संपला की विक्री थांबू शकते, खेळ कितीही चांगला असो. अशा खेळांविषयी कागदावर, मराठीत काही असणं मला म्हणूनच फार गरजेचं वाटतं.

२४ मे

नकाशे शाईनं पक्के केले. ट्रान्सिल्व्हेनियाच्या घड्या पडत होत्या, त्या पानाला मागून कापड लावलं. मुखपृष्ठावर सईनं स्क्रूज काढला, लाल कोटातला. टीव्हीवर कोट निळा होता, पण एनईएसवर लाल, आणि बार्क्सच्या कॉमिक्समध्येही तो लालच सापडतो. झेरॉक्सवाल्याकडे एक रंगीत प्रत, स्पायरल बाइंडिंग. प्रत्येक पानाला रुंद समास सोडलाय आणि वहीला पेन्सिल बांधलीय. कुणाला काही सापडलं तर लिहावं.

२ जून

वही वाचनालयात ठेवून आठवडा झाला. आज बघायला गेलो. कोपऱ्यात दोन मुलं वाद घालत होती. एक म्हणत होता खोली आहे म्हणजे दार असणारच, दुसरा म्हणत होता चूक छापलंय. पहिला भिंतीतून आरपार गेला. दोघंही खुर्चीवरून उठले.

अॅमेझॉनच्या पानावर, दुसऱ्या वेलीच्या वर, पेन्सिलीनं एक चौकट काढलेली दिसली. आमच्या नकाशात ती नव्हती. सईनं लगेच कंट्रोलर घेतला, वेल चढली, उजवीकडे उडी मारली. हिरा आहे. चौकट शाईनं पक्की केली आणि समासात ज्यानं काढली त्याला स्वतःचं नाव लिहायला सांगून ठेवलंय.